कॅम्पसचं वायफाय : रेंज फुल, नेट गुल

जळगावची_लेक
रात्री ११:५२

मंडळी नमस्कार. मी मूळची जळगावची, दोन वर्षांपासून इंदूरला पीएचडी करतेय, विषय इतिहास, राहते कॅम्पसवरच्याच मुलींच्या होस्टेलमध्ये. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून थिसिस जमा व्हायचाय.

तर प्रॉब्लेम असा की इथे दोन वायफाय दिसतात. एक कुलूपवालं, त्याला ज्याचा त्याचा युजर आयडी आणि पासवर्ड लागतो. दुसरं उघडं, त्याला जोडलं की लॉगिनचं पान येतं, म्हणजे यायला हवं. माझा लॅपटॉप कुलूपवाल्याला दोन वर्षं बिनबोभाट जोडला जातोय. दिवाळीत नवा फोन घेतला, तो जोडायला गेले तर सीए सर्टिफिकेट विचारतो, डोमेन विचारतो आणि सेव्हचं बटण शेवटपर्यंत फिकटच. शेजारच्या खोलीतली सीनियर म्हणाली डोंट व्हॅलिडेट निवड, सगळे तेच करतात. पण माझ्या फोनमध्ये तो पर्यायच नाहीये!! मग उघड्या वायफायकडे वळले, तर ते जोडलं जातं, खाली नो इंटरनेट लिहून येतं आणि लॉगिनचं पान काही उघडत नाही. त्याच जागी उभं राहून मैत्रिणीच्या फोनवर मात्र उघडतं.

आणि तिसरं दुखणं लॅपटॉपचं. खोलीत एकच दांडी, कॉरिडॉरमध्ये गेलं की रेंज फुल. पण रात्री नऊनंतर तिथेही रेंज फुल, नेट गुल. काल रात्री कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरला टेकून, अंगावर शाल, मांडीवर लॅपटॉप, एक बावीस एमबीची पीडीएफ उतरवत बसले होते, ९७ टक्क्यांवर जाऊन फेल. तीन वेळा. चौथ्या वेळी कूलर आणि मी दोघंही गुरगुरत होतो.

सिमचा डेटा वापर असं कृपया सांगू नका, खोलीत मोबाईलचीही रेंज धड येत नाही, भिंती जुन्या आणि दीड हात जाड आहेत, शिवाय जर्नलचे लेख कॅम्पसच्या नेटवरूनच फुकट उघडतात, बाहेरून उघडायला गेलं की पैसे मागतात. नेमकं बिघडलंय कुठे हे कसं ओळखायचं? कॉम्प्युटर सेंटरला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, हमारी तरफ से तो चालू दिख रहा है." झालं, फोन ठेवला.

भिया_इंदोरी
रात्री १२:०७

भिया राम! मी पण हेच भोगून राहिलोय ताई, फक्त मुलांच्या होस्टेलमध्ये. आमच्याकडे उपाय सोपा आहे, रात्री नेट गुल झालं की सगळे सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत. गराडू खाऊन, गप्पा मारून परत येईपर्यंत दीड वाजतो आणि तोवर नेट सुसाट. वजन वाढलं ती गोष्ट वेगळी.

फोनचं म्हणाल तर तुमच्या सीनियर बरोबर सांगतायत, डोंट व्हॅलिडेट असतंच, नीट खालपर्यंत बघा. नसेलच तर कोणाचा तरी जुना फोन घ्या, तो जोडा आणि त्याच्यावरून हॉटस्पॉट द्या. माझा हॉटस्पॉट चोवीस तास चालू असतो, सहा जण त्याच्यावर जगतायत.

रॅकवाला
रात्री १२:३१

ताई, वरच्या भावाचं गराडूपर्यंतचं ऐका, त्याच्या पुढचं ऐकू नका.

मी इथल्याच एका कॉलेजच्या नेटवर्क रूममध्ये नऊ वर्षं काढलीयेत, तुमच्या नाही, दुसऱ्या. दिवसाला पन्नास जण येऊन सांगायचे वायफाय चालत नाही. आता ही काय तक्रार झाली, गाडी चालत नाही म्हणण्यासारखं आहे हे, पेट्रोल संपलं, पंक्चर झाली की चावीच घरी राहिली ते कळायला नको? वायफायच्या चार पायऱ्या असतात. पहिली, तुमचा फोन आणि भिंतीवरचा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, यांना एकमेकांचं ऐकू येणं. दुसरी, तुम्ही कोण ते पटवणं. तिसरी, तुम्हाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर तुमच्या यंत्राचा नंबर, मिळणं. चौथी, त्या पत्त्यावरून गेटाबाहेर जाता येणं. रेंजच्या दांड्या फक्त पहिल्या पायरीचं सांगतात. बाकी तिन्हीकडे आग लागली तरी दांड्या फुलच दिसणार. तुमची तीन दुखणी तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर आहेत म्हणून तुम्हाला एकच काहीतरी मोठं बिघडल्यासारखं वाटतंय.

नवा फोन दुसऱ्या पायरीवर अडकलाय. कुलूपवालं वायफाय तुम्हाला पासवर्ड विचारतं तसं तुमच्या फोननेही त्याला विचारायला हवं की बाबा तू खरंच विद्यापीठाचाच सर्व्हर ना? सर्टिफिकेट त्यासाठी असतं. डोंट व्हॅलिडेट म्हणजे विचारूच नको. आता समजा कोणी बॅगेत एक डबा घेऊन कॅन्टीनमध्ये बसला आणि त्याला तुमच्याच वायफायचं नाव दिलं, तर तुमचा फोन खिशातल्या खिशात त्याला जाऊन चिकटणार आणि पासवर्डची देवाणघेवाण त्याच्याशी करणार. पासवर्ड उघडा जात नाही हे खरं, पण जी एमएस-चॅप व्ही२ नावाची पद्धत बऱ्याच कॅम्पसवर अजून चालते ती शेवटी डीईएस नावाच्या जुन्या कुलपाच्या एका ५६ बिटच्या किल्लीइतकीच मजबूत आहे, म्हणजे फोडता येते, हे २०१२ मध्ये डेफकॉन परिषदेत करून दाखवलंय. आणि आपल्याकडे तोच पासवर्ड परीक्षेच्या फॉर्मला, तोच मार्कांना, तोच ईमेलला. म्हणून गूगलने अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनांतून तो पर्याय काढला, मग हळूहळू बाकी कंपन्यांच्या फोनांतूनही गेला. तुमच्या फोनात तो नाही म्हणजे फोन शहाणा आहे.

करायचं काय, तर सीए सर्टिफिकेटच्या जागी यूज सिस्टम सर्टिफिकेट्स निवडा आणि डोमेनमध्ये सर्व्हरचं डोमेन भरा, ते सेंटरकडूनच घ्या, अंदाजाने टाकू नका. सेव्हचं बटण डोमेन रिकामं असल्यामुळे फिकट आहे. त्यांनी स्वतःचं घरगुती सर्टिफिकेट बनवलं असेल तर त्याची फाइल मिळेल, ती आधी फोनात इन्स्टॉल करावी लागते. अँड्रॉइड १३ च्या पुढे ट्रस्ट ऑन फर्स्ट यूज असाही पर्याय येतो, म्हणजे पहिल्यांदा जो भेटला तो खरा मानायचा आणि पुढे तोच आहे ना ते पडताळायचं. तो वापरायचाच तर पहिली भेट सेंटरच्या दारात उभं राहून करा.

उघड्या वायफायचं दुखणं चौथ्या पायरीवर आहे. अँड्रॉइड फोन जोडला गेला की गुपचूप गूगलच्या एका पत्त्याला हाक मारतो. तिथून २०४ असं रिकामं उत्तर आलं की समजतो बाहेरचा रस्ता मोकळा आहे. मध्येच कोणी अडवून दुसरंच पान पुढे केलं की तो ते लॉगिनचं पान तुम्हाला दाखवतो. मैत्रिणीच्या फोनला हे जमतंय आणि तुमच्या नाही, तेव्हा माझा संशय प्रायव्हेट डीएनएसवर आहे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कोणाला विचारायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगवर. सेटिंगमध्ये जाऊन बघा, तिथे कोणी जाहिराती बंद करायचा पत्ता भरून ठेवलाय का. लॉगिन होईपर्यंत फोनला बाहेर सोडत नाहीत, आणि फोन म्हणतो मी पत्ते बाहेरच्याच माणसाला विचारणार, मग बसा दोघं एकमेकांकडे बघत. तो ऑटोमॅटिकवर करा. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. कुलूपवाल्या म्हणजे एचटीटीपीएस साइटला मध्ये अडवून आपलं पान घुसवता येत नाही, ही साइट मुद्दाम बिनकुलपाची ठेवलीय, तिच्यावर पान उगवतं.

रात्री नऊनंतरचं लगेच सांगता येणार नाही, थोडी मोजणी करावी लागेल. नेट गुल झालं की लॅपटॉपचा आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुम्हाला पत्ताच मिळालेला नाही, एका छोट्या गटात २५४ च पत्ते असतात आणि प्रत्येकीचे दोन फोन एक लॅपटॉप म्हटलं की ते संपतात. पत्ता ठीक असेल तर गेटवेला, म्हणजे कॅम्पसच्या नेटच्या बाहेर जायच्या दाराला, पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा, आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला करा. गेटवे चटकन उत्तर देतोय आणि बाहेरचा रखडतोय तर पाइप, म्हणजे बाहेरची लाइन, भरलाय. गेटवेच अडखळतोय तर तुमच्या कॉरिडॉरची हवाच भरलीये. आकडे लिहून आणा इथे.

लिंबू_पोहे
सकाळी ७:४०

छोटीशी भर, सर्टिफिकेटवरून आठवलं. माझा जुना लॅपटॉप महिनाभर कुलूपवाल्या वायफायला जोडलाच जात नव्हता, पासवर्ड तीनदा बदलला, विंडोज नव्याने टाकलं, सेंटरवाल्यांशी भांडलो. शेवटी लक्षात आलं की कोपऱ्यातलं घड्याळ २०१५ साल दाखवतंय. आतला नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, मेला होता त्यामुळे बंद केला की तारीख मागे. आणि २०१५ सालात बसलेल्या लॅपटॉपला आजचं सर्टिफिकेट भविष्यातलं वाटणार ना, तो ते कसं मानेल! जेल रोडवरून सेल आणला, बसवला, झालं. भांडणाची माफी मागायला अजून गेलेलो नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
सकाळी १०:१५

बाळा, तुझं पत्र वाचून मजा वाटली आणि वाईटही वाटलं. मी इंदुरातच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता घरी असते. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसांसाठी इंटरनेट सुरू केलं ते आधी मोठ्या महानगरांत, आपल्याकडे यायला त्याला वेळ लागला. आलं तेव्हा ग्रंथालयात एकच कॉम्प्युटर आणि एकच फोनलाइन. मोडेम कर्कश ओरडायचा आणि नेट चालू असलं की प्राचार्यांच्या केबिनचा फोन एंगेज लागायचा. मुलं रजिस्टरमध्ये नाव लिहून अर्ध्या तासासाठी रांग लावायची. तुमची रांग दिसत नाही इतकाच फरक, असते ती हवेत.

पण मला मुद्द्याचं सांगायचंय ते जर्नलांबद्दल. लेख कॅम्पसवरूनच उघडतात ते अशासाठी की प्रकाशकाला तुमच्या संस्थेचा आयपी पत्ता माहीत असतो, त्या पत्त्यावरून कोण आलं एवढंच तो बघतो. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, त्यात ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार नियतकालिकं आहेत, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं केंद्र, इन्फ्लिबनेट, ते सांभाळतं. आणि त्यांचीच इन्फेड नावाची सोय आहे, संस्था तिची सभासद असेल तर ग्रंथालय तुला एक आयडी काढून देतं आणि मग घरी, जळगावला आईच्या ओट्यावर बसूनसुद्धा लेख उघडतो. कॅम्पसचं वायफाय लागतच नाही. आमच्याकडे हा आयडी मागायला मुलं यायचीच नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसायचं, आणि सांगायचं काम माझं होतं ही माझी चूक मी इथे कबूल करते. उद्या ग्रंथालयात जा आणि इन्फेडचा आयडी द्या असे शब्द वापरून माग. आणि प्रबंध बघायचे असतील तर शोधगंगा सगळ्यांना कुठूनही मोकळी आहे, तिला काहीच लागत नाही.

आणि थंडीत कूलरला टेकून बसू नकोस, पाठ धरेल.

जळगावची_लेक
दुसऱ्या दिवशी, रात्री १०:४८

किती लिहिलंत सगळ्यांनी! क्रमाने सांगते.

प्रायव्हेट डीएनएसच निघालं!! फोन घेतला तेव्हा धाकट्या भावाने जाहिराती बंद करून देतो म्हणून काहीतरी केलं होतं, ते हेच. ऑटोमॅटिक केलं आणि लॉगिनचं पान टुणकन आलं. आयडी टाकला, पासवर्ड टाकला, तर म्हणे दोन डिव्हाइसची मर्यादा पूर्ण. एक लॅपटॉप, दुसरा कुठला? डोकं खाजवलं तेव्हा कळलं, जुना फोन. तो आईला दिला, आई जळगावला त्याच्यावर भजनं ऐकतेय आणि इथे इंदूरच्या रजिस्टरमध्ये तो अजून माझी जागा अडवून बसलाय. सेंटरला जाऊन नाव काढून घेतलं. तिथल्या दादांनी हसून विचारलं, आईला कळवायचं का.

डोमेन पण मिळालं, कुलूपवाल्याला फोन जोडला गेला. विशेष म्हणजे तिथल्या नोटीस बोर्डवर ते डोमेन छापून लावलेलंच होतं, मुलाखतीच्या जुन्या जाहिरातीच्या मागे.

ग्रंथपाल काकू, इन्फेडचा आयडी मागितला, फॉर्म भरून घेतलाय, चार दिवस लागतील म्हणाले. पाठ आताच धरलीये.

आता रात्रीचे आकडे, आत्ताच घेतले, कॉरिडॉरमध्ये बसून. आयपी पत्ता व्यवस्थित आहे, १० ने सुरू होतो. गेटवेला पिंग कधी ४, कधी ३८०, कधी टाइमआउट, म्हणजे उत्तरच नाही. बाहेरचाही तसाच. आणि दुपारी तीनला हेच केलं होतं तेव्हा गेटवे सलग ३ आणि ४ मिलिसेकंद. म्हणजे हवा भरलीये ना? आणि खोलीत एकच दांडी का, ते अजून कळलं नाही.

रॅकवाला
रात्री ११:२०

शाब्बास, असं कोणी मोजून आणत नाही हो. हवाच भरलीये.

लोकांना वाटतं विद्यापीठाला मोठी लाइन आली की सगळ्यांना नेट. लाइन असते मोठी, नॅशनल नॉलेज नेटवर्कमधून विद्यापीठांना एक गिगाबिटची जोडणी दिली गेली. पण नर्मदेचं पाणी जलूदहून ७० किलोमीटर पंप करून इंदुरात आणलं तरी तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या नळाला करंगळीएवढी धार येते की नाही? तसंच. शेवटचा टप्पा हवेतला आहे आणि हवेत एका वेळी एकच जण बोलू शकतो.

गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर एकच माइक असतो बघा. चाळीस जणांना बोलायचंय पण एकानेच बोलायचं, दोघं एकदम सुरू झाले की कोणाचंच कळत नाही, दोघांनीही थांबून पुन्हा सुरू करायचं. तुमच्या कॉरिडॉरचा डबा म्हणजे तो माइक. रात्री नऊला मेस आटोपली की सगळ्या मुली एकदम माइकपाशी. आता यात एक आजोबा उठतात, आवाज बारीक, एकेक शब्द दोनदा म्हणतात, आणि दोन मिनिटांचं भाषण वीस मिनिटं चालतं. लांबचा, एका दांडीवरचा लॅपटॉप म्हणजे ते आजोबा. तो हळू वेगाने बोलतो, तेवढ्याच डेटाला माइक जास्त वेळ अडवतो आणि बाकी सगळे ताटकळतात. तेव्हा ताई, माफ करा, पण खोलीत बसून तुम्ही आख्ख्या कॉरिडॉरच्या आजोबा आहात.

वर आणि हॉटस्पॉट. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वरच्या भिया_इंदोरींसारखे प्रत्येक खोलीत एक हॉटस्पॉट चोवीस तास चालू ठेवतात, म्हणजे एकाच मांडवात वीस लाउडस्पीकर. आपलं नेट दुसऱ्याला वाटून हे लोक सगळ्यांचंच बुडवतात, स्वतःचंही. ५ गीगाहर्ट्झला जागा खूप आहे, आपल्याकडे २०१८ मध्ये तो पट्टा आणखी मोठा मोकळा केला, पण तो जाड भिंतीतून कमी जातो. लॅपटॉपमध्ये ५ ला पसंती द्या आणि रात्री कॉरिडॉरमध्ये काम करा, खोलीत ते टिकणार नाही.

खोलीतल्या एका दांडीसाठी एक काम करा, डबा नेमका कुठे लावलाय ते उजेडी जाऊन बघा. भिंत जाड आहे हे खरं पण तुमच्या खोलीचं दार तर लाकडाचंच असेल, एवढी रेंज पडायला नको. लोखंडी काही मध्ये आहे का ते बघा, विटेपेक्षा लोखंड वाईट.

आणि सेंटरला आता तोंडी सांगू नका. दुपारी ३ ला ४ मिलिसेकंद, रात्री १०:४८ ला ३८० आणि टाइमआउट, जागा कूलरशेजारी, असं लिहून द्या. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, नेट स्लो आहे असं म्हणणाऱ्याला मीही हसून घरी पाठवायचो. त्यांच्या स्क्रीनवर डबा हिरवा दिसतो आणि तो हिरवाच असतो, खोटं बोलत नाहीत ते. आकडा दिला की उठावं लागतं.

भिया_इंदोरी
रात्री ११:४१

अरे बाप रे, मी व्हिलन निघालो. हॉटस्पॉट बंद केला बरं का, सहा जण दारात उभे आहेत. पण मग स्वतःचा राउटर आणून भिंतीतल्या लॅन पोर्टला लावला तर चालेल का? घरी पडलाय एक.

रॅकवाला
रात्री ११:४९

नाही!! आमच्याकडे एका पोराने हेच केलं, केबल राउटरच्या चुकीच्या भोकात खुपसली, त्याचा राउटर आख्ख्या मजल्याला स्वतःच पत्ते वाटत सुटला, सगळ्यांना १९२.१६८ वाले पत्ते आणि कोणालाच नेट नाही. परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. प्रत्येक खोलीचं दार ठोठावत आम्हाला तो डबा शोधायला चार तास लागले, सापडला तो पलंगाखाली, टॉवेलखाली झाकलेला.

आणि आयडी पासवर्ड त्या सहा जणांना देऊ नका, तो मुद्दा वेगळाच. कोण कधी जोडलं गेलं याच्या नोंदी संस्थेला १८० दिवस ठेवाव्या लागतात, सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, एप्रिल २०२२ चा आदेश आहे. त्यांच्यातल्या एकाने काही उद्योग केला तर नोंद तुमच्या नावाची.

भिया_इंदोरी
रात्री ११:५३

पाचांना घालवलं. सहावा रूममेट आहे, त्याचं काय करू.

लिंबू_पोहे
रात्री ११:५८

त्याला गराडू खायला घाला. बाय द वे, दुसऱ्या शहरातल्या कॅम्पसवर गेलात तर एज्युरोम नावाचं वायफाय दिसतं का बघा. २००२ च्या सुमारास नेदरलँड्समधून निघालेली कल्पना, आता शंभराहून जास्त देशांत आहे, आपल्याकडे अर्नेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांचं सरकारी नेटवर्क, चालवतं. आपली संस्था त्यात असेल तर आपलाच आयडी ॲट संस्थेचं डोमेन असा टाकायचा, तिकडचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला विचारतो की हा तुमचाच का. मी बंगळुरूला एका कॉन्फरन्सला गेलो होतो, फोन खिशात असतानाच जोडला गेला, मी तिथल्या माणसाकडे पासवर्ड मागत होतो आणि खिशात मेसेज टणटणत होते.

जळगावची_लेक
सहा दिवसांनी, रात्री १०:३५

उशीर झाला, गाईडकडे एक चॅप्टर द्यायचा होता.

आधी आजोबांबद्दल. डबा बघायला उजेडी गेले तर दिसेचना. कॉरिडॉरच्या टोकाला वॉर्डन मॅडमच्या ऑफिसबाहेर एक जुनं लोखंडी कपाट आहे, भिंतीएवढं उंच, त्यात मागच्या खेळांच्या ढाली आणि वर चुरगळलेले बॅनर. त्या कपाटाच्या मागे, भिंत आणि लोखंडाच्या मधल्या वीतभर फटीत, आमचा डबा हिरवा दिवा लावून बसलाय! कपाट उन्हाळ्यात रंगकामाच्या वेळी तिथे सरकवलं, परत जागेवर न्यायचं राहिलं. मॅडमना सांगितलं तर आधी विश्वासच बसेना, मग मोबाईलचा टॉर्च लावून वाकून बघितलं त्यांनी. मेसचे दोन दादा आणि आम्ही चौघींनी मिळून ते अडीच हात सरकवलं, खाली एक टेनिसचा चेंडू आणि कोणाचं तरी २०१९ चं ओळखपत्र सापडलं. आता खोलीत तीन दांड्या.

इन्फेडचा आयडी आला, काकू. ती बावीस एमबीवाली पीडीएफ मी पहाटे साडेपाचला खोलीतूनच उतरवली, डोळे चोळेपर्यंत उतरली पण. मग खाली जाऊन पोहे खाल्ले, जीरावण जास्त घालून.

रात्रीचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. दहानंतर गेटवे १२० ते १५० मध्ये डोलत असतो, टाइमआउट मात्र गेलेत. मजल्यावरच्या मुलींना हॉटस्पॉट बंद करायला सांगितलं, अर्ध्यांनी केले, अर्ध्या म्हणाल्या तू कोण सांगणारी. आकड्यांचं पत्र मात्र दिलं, चार दिवसांचे आकडे, तास तासाने, खाली सही. दोन दिवस काही नाही. आणि आत्ता थोड्या वेळापूर्वी, मॅडमची परवानगी काढून, सेंटरचे तेच दादा लॅपटॉप घेऊन चक्क होस्टेलवर आले. मी त्यांना कूलरची जागा दाखवली. उभ्याने दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं, मग स्टूल ओढलं, मग पुन्हा टाइप केलं. अर्धा तास झाला, अजून बसलेत. आत्ता मान वर करून म्हणाले, "हां मॅडम, यहाँ तो सच में नहीं चल रहा."